श्वः म्हणजे उद्या

इंग्रजीतल्या ‘सस्टेनेबल’ला मराठीने ‘शाश्वत’ म्हणायचे ठरवले. शाश्वत विकास, शाश्वत वनव्यवस्थापन, शाश्वत लाकूड. मला हा शब्द खटकत आला आहे. आपल्याकडे शाश्वत ते, जे बदलत नाही; आणि झाड तर न टिकणाऱ्याचेच उदाहरण. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ शंकराचार्यांनी फोडून दाखवला आहे: श्वः म्हणजे उद्या, जो उद्यापर्यंतही राहायचा नाही तो अश्वत्थ. मग त्यालाच ‘अव्यय’ का म्हटले? ज्ञानेश्वर इथे समुद्राचा दाखला देतात. ढग एका अंगाने पाणी उपसून नेतात, नद्या दुसऱ्या अंगाने भरत राहतात, म्हणून समुद्र वाढत नाही की आटत नाही. पण ढग आणि नद्या आपापले काम सोडत नाहीत, तोवरच.

वनशास्त्राचे मूळ सूत्र या दाखल्यात जवळजवळ पूर्ण सापडते. १७१३ साली सॅक्सनीतल्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने, भट्ट्यांसाठीचे लाकूड सरत चालले म्हणून, हेच मांडले: जेवढे वाढते तेवढेच तोडावे. त्याच जर्मन परंपरेतला डीट्रिख ब्रँडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या जंगलात आला आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

फरक एवढाच की समुद्रातून उचललेले पाणीच नदी होऊन परत येते. जंगलात घेणारा वेगळा आणि भरणारा वेगळा. चांगला साग तोडीला यायला साठ-ऐंशी वर्षे लागतात. केरळातल्या निलंबूरला १८४०च्या दशकात मलबारचा कलेक्टर कनोली याच्या हुकमावरून चातू मेनन यांनी साग लावले. ते जहाजांसाठी होते. झाडे तयार होईतो जहाजे लोखंडाची झाली. त्यातले काही साग आजही उभे आहेत, आणि ज्यांच्या गरजेसाठी ते लावले त्या साम्राज्याचा मागमूस उरलेला नाही. उद्याच्या गरजेचा हिशेब आज मांडणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

पण खरा नैतिक पेच मला सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात दिसतो. गोदावर्मन खटल्यात न्यायालयाने सांगितले की मंजूर कार्य आयोजनेशिवाय देशातल्या कुठल्याही जंगलात झाड तोडायचे नाही. ईशान्येकडच्या राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावरही बंदी आली. आदेश आवश्यक होता, त्याने जंगले वाचली. पण आपली दारे, खाटा, प्लायवूड काही कमी झाले नाही. कांडला बंदराशेजारचे गांधीधाम आयात लाकडाच्या करवती गिरण्यांचे गाव होऊन गेले. ओंडके येत होते म्यानमारमधून, मलेशियातल्या सारावाकमधून. सारावाकमध्ये पेनान आदिवासी १९८७ पासून लाकूडतोडीच्या रस्त्यांवर आडवे उभे राहत होते. तेव्हा मोठा गिऱ्हाईक जपान होता. नंतर भारतही त्या रांगेत पुढे आला. आपण कुऱ्हाड खाली ठेवली, म्हणजे नेमके काय केले? माझ्या मते, ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि हात धुऊन घेतले.

म्हणून ‘लाकूड वापरूच नका’ हा उपदेश मला निर्मळ वाटत नाही. लाकूड नाही तर सिमेंट, लोखंड, प्लॅस्टिक; त्यांचीही कुठेतरी खाण असते आणि खाणीवर बहुधा जंगलच असते. शिवाय ज्या जंगलातून कुणाचे पोट भरत नाही, ते तोडून तिथे तेलताड किंवा सोयाबीन लावायला कुणाचा विरोध उरत नाही. लाकडाचा व्यापार जंगल मारतो हे खरे, पण कधीकधी तोच ते उभे ठेवायचे कारणही असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या १७ उद्दिष्टांपैकी जमिनीवरच्या जीवसृष्टीचे, जंगलांचे उद्दिष्ट योगायोगाने पंधरावेच. सर्व प्रकारच्या वनांचे शाश्वत व्यवस्थापन २०२० पर्यंत रूढ करावे, असे त्यात लिहिले होते. ते साल येऊन गेले.

वखारीत मी लाकूड कुठले असे विचारतो तेव्हा देशाचे नाव मिळते, फार तर बंदराचे. शिक्के आणि प्रमाणपत्रे ही साखळी थोडी मागे नेतात, तेवढा त्यांचा उपयोग आहे. मला मात्र वर्षाला किती घनफूट तोडले यापेक्षा वेगळा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: तिथे राहणाऱ्यांना ‘नाही’ म्हणता येत होते का?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. १९२७ च्या कायद्याच्या लेखी २०१७ पर्यंत बांबू हे झाड होते. वनस्पतिशास्त्रात ते गवत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज. या तिढ्यात दोन वर्षे गेली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या जंगलातला बांबू त्याआधी कागद गिरणीसाठी तुटत असे. आता कोणते बेट तोडायचे, कोवळे वास्ते कसे राखायचे, हे गाव बसून ठरवते, आणि तेही बहुमताने नाही, सर्वसहमतीने.

बांबू तीन-चार वर्षांत पुन्हा तोडीला येतो. सागाला माणसाचे आयुष्य लागते. त्यामुळे मेंढ्याचे उत्तर जसेच्या तसे सारावाकला किंवा बल्लारशाच्या सागवान डेपोला लावता येणार नाही. पण त्या ग्रामसभेत आजोबा आणि नातू एकाच सतरंजीवर बसतात, आणि एकानेही मान हलवली नाही तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.