सहल, यात्रा आणि जनसंसद

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या परिसरात वसलेले मानेसर हे आज कारखान्यांचे नगर आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे तेथे उपजीविकेसाठी येऊन राहिली आहेत. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. तेथील एखाद्या महाराष्ट्रीय गृहस्थाने, समजा, चार समविचारी मित्रांसह सुटी साधून मुंबई गाठली आणि गेटवेच्या धक्क्यावरून लाँचने तासाभराचा जलप्रवास करून तो घारापुरीस शिवदर्शनाला गेला, तर त्या गमनास यात्रा म्हणावे की सहल? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्यांना आपले धर्माचरण आठवड्याच्या सुटीत बसवावे लागते, अशा असंख्य गृहस्थांचा तो प्रश्न आहे.

समुद्रगमनाचा जुना निषेध येथे आड येत नाही. बौधायनांनी समुद्रप्रवासाची गणना पतनकारक कर्मांत केली हे खरे. पण त्यांनीच उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांत त्याची नोंदही केली आहे. शिवाय खाडीपलीकडच्या देवाला नावेने जाणे कोकणच्या माणसाला कधीच निषिद्ध वाटले नाही. खरी अडचण निराळी आहे आणि ती प्रत्यक्ष गीतेतच आहे.

तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणे सांगतात. त्यांत दहाव्या श्लोकात एकांताची आवड आणि जनसमुदायाविषयी अप्रीती यांचा उल्लेख आहे. दहाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात मात्र तेच भगवंत आपल्या भक्तांचे वर्णन करताना म्हणतात की, ते परस्परांना बोध करीत, माझ्याच कथा सांगत संतोष पावतात व रमतात. एका ठिकाणी मेळाव्याचा कंटाळा हे ज्ञान, तर दुसऱ्या ठिकाणी मेळाव्यातला आनंद ही भक्ती! मग मित्रांसह निघालेल्या त्या गृहस्थाने कोणता श्लोक प्रमाण मानावा?

श्रीशंकराचार्यांनी तेराव्या अध्यायावरील भाष्यात याचा उलगडा केला आहे. ज्या समुदायाविषयी अप्रीती असावी तो संस्कारहीन, उद्धट लोकांचा. विनीत व संस्कारसंपन्न जनांचा मेळावा त्यात येत नाही, कारण तो ज्ञानाला साहाय्यकच होतो. समाधान उत्तम आहे. तथापि व्यवहारात त्याचा एक धोका आहे. कोणत्याही मित्रमंडळास आपली बैठक संस्कारसंपन्नच वाटते! जनसंसद म्हणजे अमुक माणसे असा अर्थ घेतल्यास हा मोह सुटत नाही. तीच पाच माणसे लाँचमध्ये पहिला अर्धा तास सदनिकांचे भाव आणि वरिष्ठांची निंदा यांत घालवितात, तेव्हा ती जनसंसद असते. पुढे त्यांतील एखाद्याने महेशमूर्तीच्या तीन मुखांविषयी विचारले, दुसऱ्याने आपल्याला ठाऊक होते ते सांगितले आणि बाकीचे खरोखर ऐकू लागले, म्हणजे तीच माणसे दहाव्या अध्यायात जाऊन बसतात. मंडळ तेच, नौका तीच. फरक बोलण्यात, आणि त्याहून अधिक ऐकण्यात.

आनंद वाटला म्हणून यात्रा बाटते, हा समजही टाकून द्यावा. सहाव्या अध्यायात योगाचा अधिकारी सांगताना आहाराबरोबर विहाराचाही उल्लेख आहे, आणि तेथे विहाराचा त्याग सांगितलेला नसून प्रमाण सांगितले आहे. लाँचच्या काठाशी बसून वारा अंगावर घेणाऱ्याने मनात अपराध बाळगण्याचे कारण नाही. घारापुरीच्या मुख्य लेण्यात सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर जो स्तब्ध होतो त्याचा विहार यात्रेत केव्हा मिसळला हे त्याचे त्यालाही कळत नाही. जो पाठ फिरवून केवळ स्वतःचे छायाचित्र घेतो, त्याच्या बाबतीत मात्र विहार विहारच राहिला.

येथे आणखी एका माणसाचा विचार अवश्य केला पाहिजे, ज्याला यात्रेकरू बहुधा विसरतात. तो म्हणजे नौका चालविणारा. महाशिवरात्रीस लोक दर्शनाला लोटतात, तेव्हा त्याला धक्का सोडून पायऱ्या चढण्याइतकीही उसंत नसते. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगनौकेची धडक बसली आणि 15 जणांचे प्राण गेले. पाण्यात पडलेल्यांना वर ओढण्यास जे धावले, त्यांत आपल्या नित्याच्या कामावर असलेल्या आसपासच्या बोटींवरील माणसेही होती. अठराव्या अध्यायात भगवंत स्वकर्मानेच ईश्वराची पूजा करून सिद्धी मिळते असे सांगतात, त्याचा अर्थ त्या दिवशी खाडीत दिसला. दर्शनास निघालेल्या भाविकापेक्षा त्या कामकऱ्यांचे कर्म देवाला कमी प्रिय झाले असेल, असे कोण म्हणेल?

एकांत आणि समुदाय यांचे नाते दूरच्या एका समुद्रकाठीही पाहावयास मिळते. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर 1845 पासून भारतीय मजूर नेले गेले. तेथील सेवदास साधू नावाच्या श्रमिकाने 1947 मध्ये उसाच्या मळ्याच्या जमिनीवर मंदिर बांधले. जमीन कंपनीची होती. 1952 मध्ये मंदिर पाडले गेले आणि त्याला तुरुंगवास घडला. भूमीवर जागा नाही तर समुद्रात बांधीन, असा त्याने निश्चय केला. सायकलवरून साहित्य आणावे, ओहोटी साधून भराव घालावा, असे त्याने वर्षानुवर्षे बहुतांशी एकट्याने केले. समुद्राने ते काम पुनःपुन्हा मोडले. 1995 मध्ये त्या मंदिराची पुन्हा उभारणी झाली आणि आज तेथे मेळावे भरतात. समुदायाला बसण्याची जागा एका माणसाच्या एकांताने करून दिली. गोष्ट ऐकणाऱ्याने एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, सेवदासाला सुटीचा वार पाहून निष्ठा ठेवणे परवडले नसते.

आता पुन्हा मानेसरच्या गृहस्थाकडे वळावे. 2024 साली महाशिवरात्र 8 मार्चला, शुक्रवारी आली. शनिवार-रविवार लागूनच होते. मित्र जमले, प्रवास सुखाचा झाला. 2025 साली ती 26 फेब्रुवारीला, बुधवारी आली. त्या दिवशी पाळीवर जाणे हा त्याचा धर्म की रजा काढून बेटावर जाणे? यंत्रावर दुसऱ्या चौघांचे काम अवलंबून असेल तर पाळी सोडून जाण्यास भक्ती म्हणता येत नाही; नुसता आळस किंवा मित्रांची अनुपस्थिती आड आली असेल, तर तिला स्वकर्माचे नाव देता येत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. यांतले खरे कोणते, हे त्या बुधवारी रात्री पाळी संपवून खोलीवर परतल्यावर, कोणी सोबतीला नसताना, तो शिवासमोर बसतो की नाही यावरून त्याला स्वतःलाच कळेल. मित्रांना ते कधी कळणार नाही.