यात्रेचे फळ कोणाच्या नावे?

हळ्ळीखेड (बी) आणि त्याच्या भोवतालचा हुमनाबाद-भालकीचा मुलूख डोंगराळ नव्हे. बिदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंचीवर तूर आणि ऊस पिकवणाऱ्या येथील माणसाला चढ म्हणून जो काय ठाऊक असतो तो फार तर एखाद्या घाटाचा किंवा किल्ल्याच्या पायऱ्यांचा. तथापि पायी जाण्याची विद्या त्याला परकी नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट धरणारे आणि पाडव्याच्या सुमारास श्रीशैल मल्लिकार्जुनाकडे पायी निघणारे, अशा दोन्ही प्रकारचे यात्रिक या सीमाभागात शेजारी-शेजारी नांदत आले आहेत. त्याच घरांतली मंडळी आता वाटाड्या, तंबू आणि ओझ्याची खेचरे आगाऊ ठरवून हिमालयात आठवडाभर चालायला जाऊ लागली असताना, एक जुनाच प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो. वाट दुसऱ्याने दाखवली, ओझे तिसऱ्याने वाहिले आणि दर्शन मात्र आपण घेतले, तर त्या यात्रेचे फळ कोणाच्या नावे रुजू व्हावे?

हा प्रश्न या बिदर जिल्ह्यातल्या माणसाला अधिक टोचावा, याला कारण आहे. बाराव्या शतकात येथून जवळच, कल्याण नगरीत, बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांनी कैलास हा उत्तरेकडील बर्फाच्या शिखरावरून उचलून माणसाच्या प्रामाणिक कष्टात आणून ठेवला. या कायकाच्या, म्हणजे श्रमाच्या, सिद्धांताचे सर्वांत थेट उच्चारण ज्याच्या नावावर आहे तो आयदक्की मारय्या वाटेवर सांडलेले तांदूळ वेचून उदरनिर्वाह आणि दासोह, म्हणजे अन्नदान, चालवणारा एक निर्धन मनुष्य होता. आणि एके दिवशी त्याने गरजेहून अधिक तांदूळ घरी आणले तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने त्याला ते परत टाकून यावयास सांगितले, अशी कथा आहे. कष्टातच कैलास असेल, तर ज्याच्या पाठीवर ओझे आहे तो कैलासाच्या अधिक निकट आहे आणि मोकळ्या हातांनी त्याच्या मागून चालणारा यजमान दूर आहे, असा निष्कर्ष टाळता येत नाही.

गंमत अशी की, याच परंपरेने हिमालयाशी आपला संबंध कधी तोडलाही नाही. वीरशैवांच्या पाच पीठांपैकी एक पीठ केदारचे. त्याची गादी ऊखीमठास आहे, आणि केदारनाथाचा रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, वीरशैव जंगम असावा, ही तेथील जुनी वहिवाट आहे. भाऊबीजेस केदारनाथाचे कपाट बंद झाले की उत्सवमूर्ती डोलीतून ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि हिवाळाभर तिची पूजा तेथे होते. रावळ स्वतः नित्यपूजा करीत नाही. ती त्याच्या आज्ञेने त्याचे शिष्य करतात. म्हणजे आज्ञा एकाची, श्रम दुसऱ्याचे आणि पुण्य सर्वांचे, ही व्यवस्था देवाच्या दारातही आहेच.

याच ऊखीमठाजवळच्या सारी गावातून देवरियाताल, तेथून बांज आणि बुरांसच्या जंगलातून चोपता, मग 3680 मीटर उंचीवरचे तुंगनाथ आणि त्याहीवर सुमारे चार हजार मीटरवरची चंद्रशिला, अशी आठवड्याभरात होणारी वाट आहे. पठारावरच्या सशक्त मनुष्याला या वाटेवर पहिली शिकवण मिळते ती आज्ञापालनाची. तुंगनाथाशी हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. म्हणून वाटाड्या सांगतो की सावकाश चला, माझ्या पुढे जाऊ नका, तहान नसली तरी पाणी प्या, डोके दुखले तर लपवू नका. गावी ज्याच्या शब्दावर चार माणसे उठतात-बसतात तो गृहस्थ येथे आपल्या मुलाच्या वयाच्या गढवाली पोराच्या हुकमाखाली असतो, आणि आभाळ फिरले म्हणून त्या पोराने शिखर दृष्टीस असताना मागे वळवले, तर निमूटपणे वळतो. महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचे फळ ज्याचे हात, पाय आणि मन संयत आहेत त्याला मिळते असे म्हटले आहे. तो संयम आजच्या यात्रिकाला शास्त्रवचनापेक्षा या पोराकडून लवकर शिकायला मिळतो.

त्याच वनपर्वात पांडवांच्या तीर्थयात्रेचा वाटाड्या लोमश ऋषी आहे, आणि निघण्यापूर्वी त्याने युधिष्ठिराला केलेला उपदेश कोणत्याही वाटाड्याने करावा असाच आहे: परिवार कमी कर, हलका हो, म्हणजे मोकळेपणाने जाता येईल. युधिष्ठिर ते मानतो आणि पक्वान्नांची सवय असलेल्यांना परत पाठवतो. पुढे गंधमादनाच्या चढावर द्रौपदी मूर्च्छित पडते, तेव्हा भीम घटोत्कचाचे स्मरण करतो. घटोत्कच तिला उचलतो आणि त्याचे सोबती पांडवांना खांद्यावर घेतात. पतिव्रता राणी आणि धर्मराज यांनाही जेथे दुसऱ्याच्या खांद्यावरून जावे लागले, तेथे स्वतःच्या पायांवर चढल्याचा गर्व आपण कशाच्या आधारे करावा?

गौरीकुंडाहून केदारनाथास जाणाऱ्या चढावर हे खांदे अगदी जवळून दिसतात. पाठीवरच्या वेताच्या कंडीत एक वृद्धा पाय मुडपून, पाठीला पाठ लावून बसलेली असते. तिला वाहणारा नेपाळी मजूर वळणावर थांबतो, पण बसत नाही, कारण बसल्यास पुन्हा उठणे अवघड. हातातली आखूड काठी तो कंडीच्या बुडाखाली टेकवतो, भार क्षणभर तिच्यावर सोडतो, दोन श्वास घेतो आणि पुन्हा चालू लागतो. मंदिराकडे तोंड त्याचे असते. वृद्धेला दिसते ती मागे पडणारी दरी.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की, दर ठरलेला आहे, मजुरी चुकती केली आहे, मग आणखी देणे कसले? आमच्याकडे जमिनीच्या पहाणीपत्रकात मालकाचा रकाना वेगळा आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचा रकाना वेगळा असतो. पहिला रकाना पैशाने भरता येतो, दुसरा मात्र ज्याने नांगर धरला त्याच्याच नावाने भरावा लागतो. यात्रेचेही तसेच आहे. मजुरीने आपण ओझ्याचे मोल दिले, श्रम आपले झाले नाहीत. आणि म्हणून महाप्रस्थानाच्या शेवटी, द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडल्यावर, स्वर्गाच्या दाराशी युधिष्ठिराची परीक्षा झाली ती त्याच्या तपावरून झाली नाही. अखेरपर्यंत मागून चालत आलेल्या एका कुत्र्याला तो टाकतो की नाही, यावरून झाली.

तेव्हा माझे मत असे की, वाटाड्या घेतल्याने यात्रेला उणेपणा येत नाही, आणि अशक्ताने खांदा मागितल्यानेही येत नाही; उणेपणा येतो तो खांदा विसरल्याने. जो सशक्त असून निव्वळ चैनीसाठी आपले ओझे दुसऱ्यावर किंवा मुक्या खेचरावर लादतो, त्याने लक्कम्माचे ते जास्तीचे तांदूळ आठवावेत. यंदा आपल्या भागातून जे कोणी उत्तरेस जाणार असतील त्यांना एवढीच विनंती आहे की, पडशी स्वतःला वाहता येईल एवढीच भरा, वाटाड्याने परत फिरा म्हटले की घासाघीस करू नका, ठरलेल्या मजुरीत एक पैही कापू नका, आणि ओझेवाल्याने भार खाली ठेवल्याखेरीज स्वतः जेवायला बसू नका. एवढे केले तर शिखरापर्यंत पोहोचलात की नाही, हे कोणी विचारण्याचे कारण उरत नाही.