जत्रेची तिथी आणि घोडीचा पाय

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बैलगाडा शर्यत ग्रामदैवताच्या जत्रेला जोडलेली असते. थापलिंग, धामणी, वडज ही खंडोबाची ठाणी असोत की एखाद्या लहान गावचा भैरवनाथ, जत्रेचा दिवस पंचांग ठरवते. शर्यतीच्या चढाच्या मार्गाला इथे घाट म्हणतात. इकडच्या पद्धतीत गाड्याला चार बैल, त्यांच्यापुढे स्वारासकट घोडी आणि गाड्यात हाकणारा कोणी नाही. घोडी सुटली की बैल तिच्यामागे झेपावतात, भंडारा उधळला जातो आणि बारी काही सेकंदांत संपते. कौतुक बैलांचे होते. घोडीकडे लक्ष त्या मानाने कमी. गाडा नवसाचा असेल तर तो पळवणे म्हणजे देवाचे देणे फेडणे. सरावात घोडीचा पाय दुखावला, जत्रा तोंडावर आली आणि घोडी आता लंगडत तर नाही, अशा वेळी तिला घाटात उतरवावे का, हा प्रश्न जितका पशुवैद्यकाचा तितकाच धर्मविचाराचा आहे. नवस माणसाने बोललेला असतो, फिटतो तो घोडीच्या पायांवर.

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसते. नळीच्या हाडामागे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, असतात. भरधाव पळताना प्रत्येक टापेला अंगाचा भार त्या झेलतात, ताणल्या जातात आणि पुन्हा आखडून पाय वर फेकतात. त्या वेगात हा ताण कंडरेच्या सहनशक्तीच्या काठावर असतो. खडबडीत जमीन, दमलेली घोडी, बारी संपताना वरच्या टोकाला एकदम खेचलेला लगाम, यांतले काहीही पुरते आणि आतले तंतू तुटतात. जाणता मोतद्दार सकाळी खरारा करतानाच नळीच्या मागून अंगठा आणि बोट वरून खाली फिरवतो. निरोगी कंडरा ताणलेल्या सुंभासारखी घट्ट, कडेने सुबक आणि थंड लागते. दुखावलेली थोडी फुगलेली, कोमट असते आणि दाबताच घोडी पाय उचलून घेते. दोन्ही पाय एकामागून एक चाचपावे लागतात, कारण पुष्कळदा फरक असतो तो नुसत्या उबेचा.

पहिले काही दिवस गार पाण्याची धार, पट्टी आणि पूर्ण विश्रांती. काही आठवड्यांत सूज ओसरते, लंगडणेही थांबते. आत मात्र काम नुकते सुरू झालेले असते. कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा. तुटलेल्या तंतूंच्या जागी जी ऊती भरून येते ती मूळच्यापेक्षा ताठर असते आणि भाराच्या दिशेने नीट रचली जायला तिला नऊ महिने ते वर्ष लागते. तोवर घोडी नुसती बांधून ठेवूनही भागत नाही आणि रानात मोकळी सोडूनही नाही. हातात धरून रोज थोडे चालवायचे, ते हळूहळू वाढवायचे, काही महिन्यांनी दुडकी, त्यानंतर बऱ्याच काळाने दौड आणि मधल्या टप्प्यांवर सोनोग्राफी. कामाविना उभ्या असलेल्या घोडीचा खुराक तोडावा लागतो, नाहीतर पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आत दाह होतो. दुखरा पाय वाचवताना सगळा भार दुसऱ्या पायावर गेला तर चांगल्या पायाचे खूरही याच दाहाने बिघडते. लंगड थांबल्यापासून कंडरा खरोखर सांधेपर्यंतच्या या लांबलचक काळात घोडी बाहेरून धडधाकट दिसते, आणि नेमकी त्याच काळात कुठली तरी जत्रा येते.

‘लंगडत नाही, म्हणजे बरी झाली’ या वाक्यात एक अनुमान दडलेले आहे आणि भारतीय प्रमाणशास्त्राने त्याची कसून तपासणी केलेली आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे ज्ञानाचे सहावे प्रमाण मानले. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तिथे घडा नाही असे ज्ञान होते. मात्र त्याला योग्यतेची अट आहे: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. घोडीच्या दुखण्याला ही अट लावली की दावा डळमळतो. घोडा मूळचा शिकार होणारा प्राणी. कळपात जो अधू दिसतो त्याच्यावर हिंस्र श्वापदाची नजर आधी जाते, त्यामुळे दुखणे न दाखवण्याकडे त्याचा कल असतो. त्यात घाटातला गलबला, हलग्या, पुढे धावण्याची खुमखुमी. दुखत असते तर तिने दाखवलेच असते, असे अशा वेळी म्हणता येत नाही. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक टोचून घोडी उभी केली असेल, तर खोलीतला उरलासुरला उजेडही आपल्याच हाताने मालवलेला असतो. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धांत हे औषध अंगात असताना घोडा उतरवायला बंदी आहे, ती याचसाठी.

उजेड वाढवण्याचे मार्ग आहेत. सोनोग्राफी हा एक. दुसरा नुसत्या डोळ्यांचा: सू डायसन या ब्रिटिश अश्ववैद्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 2018 मध्ये स्वाराखालच्या घोड्याच्या 24 वर्तनखुणांची यादी प्रसिद्ध केली. कान मागे पाडणे, तोंड उघडे ठेवणे, शेपटी झटकत राहणे, टक लावून पाहणे अशा त्या खुणा आहेत; आठ किंवा अधिक दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याचा संभव बराच. यांतल्या पुष्कळ गोष्टींना तबेल्यात ‘घोडीचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिले जाते. दुसऱ्याचे दुःख प्रत्यक्ष दिसत नाही, ते चिन्हांवरूनच कळते, हे नैयायिकांचे म्हणणे इथे अक्षरशः खरे ठरते. फक्त चिन्ह कशाला म्हणायचे हे आधी शिकावे लागते.

धर्मग्रंथांनी दुखावलेल्या घोड्याचा विचार केलेला आहे आणि त्यातली एक कडी थेट जुन्नर तालुक्यात आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा त्यात नोंदल्या आहेत, आणि त्या यज्ञांत अश्वमेधही आहे. अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा फिरे, बरोबर चारशे रक्षक. या वर्षात त्याला काही झाले तर काय करायचे, हे शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात येते. घोडा आजारी पडला तर पूषाला चरू, म्हणजे शिजवलेल्या धान्याची आहुती, डोळ्याचा विकार झाला तर सूर्याला, पाण्यात बुडून मेला तर वरुणाला यवाचा चरू आणि त्याच्या जागी दुसरा घोडा. एवढी बारीक तजवीज, पण तिचा रोख यज्ञाच्या अव्यंगतेवर आहे. घोड्याला काय वाटते हा त्या प्रकरणाचा विषयच नव्हे. शेवटी तो बळीच जायचा असतो. तरीही एक गोष्ट त्यातून हाती लागते. व्यंग आलेला पशू देवकार्याला चालत नाही आणि ती उणीव झाकून पुढे जाता येत नाही, हे कर्मकांडालाही मान्य होते. नवसाच्या गाड्यापुढे दुखऱ्या पायाची घोडी धरणारा त्या जुन्या याज्ञिकाइतकाही काटेकोर नसतो.

त्याच जुन्नरच्या डोंगरांत लेण्याद्री, तुळजा, मानमोडी इथे बौद्ध लेणी आहेत. बौद्ध परंपरेत या प्रश्नाची अवघड बाजू सांगणारी एक गोष्ट आहे: भोजाजानीय जातक. बोधिसत्त्व काशीच्या राजाचा जातिवंत सिंधी घोडा असतो. सात राजांनी नगराला वेढा घातलेला, त्यांतले सहा पकडून होतात आणि घोडा जबर जखमी होऊन पडतो. स्वार दुसऱ्या घोड्यावर साज चढवू लागतो. तेव्हा हा घोडा सांगतो, की उरलेले काम दुसऱ्याच्याने होणार नाही, मलाच उभे कर. तो सातवा राजाही पकडून देतो, त्या सातांना अभय द्या असे राजाला विनवतो आणि प्राण सोडतो. ‘घोडीलाच पळायची हौस आहे, ती थांबत नाही,’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात या कथेतला घोडा असतो. कथा वीर्याची, म्हणजे न खचणाऱ्या प्रयत्नाची आहे, आणि तेवढ्यापुरती ती थोरच आहे. पण कथेतल्या घोड्याला जखम किती आहे, काम काय आहे, न केल्यास काय होईल हे सगळे कळते आणि तो बोलतो. घाटातल्या घोडीला धावण्याची ओढ असते, आपली कंडरा अर्धवट सांधली आहे हे ठाऊक नसते. ओढ म्हणजे संमती नव्हे. बौद्ध विचारात कर्म चेतनेने, म्हणजे हेतूने ठरते; घाटात उतरण्याचा हेतू माणसाचा असल्यामुळे त्या कर्माचा हिशेबही त्याच्याच नावावर पडतो.

जुन्नर तालुक्यातच आळे इथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, अशी परंपरा. सगळ्यांत आत्मा एकच, असे ज्ञानेश्वर म्हणाले. तेव्हा कोणी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, असे कथेत येते. लोकांच्या तोंडी वेदांचा भाग जास्त, वळांचा कमी. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मात्र वळांचा भाग अधिक वजनदार आहे. आत्मा एकच आणि तो सुखदुःखापासून अलिप्त, एवढ्यावर थांबले तर जनावराच्या वेदनेला काही अर्थच उरत नाही. रेड्याला मारले काय आणि न मारले काय, आत्म्याला धक्का नाही. कथा तिथे थांबत नाही. ती एकत्वाचा पुरावा कातडीवर दाखवते. जे मुके जनावर दाखवू शकत नाही ते माणसाच्या अंगावर उमटते आणि आसूड ओढणाऱ्याला पाहावेच लागते. जत्रेतल्या गाडामालकाला असा चमत्कार मिळत नाही. त्याला बोटांनी नळी चाचपावी लागते.

नवस न फेडण्याची भीती हे यातले खरे ओझे आहे, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. बोललेला नवस राहिला तर घरावर काही येईल, ही धास्ती खरी असते. पण मीमांसेत यावरही विचार झाला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा येते: सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे चालते, साळी नसतील तर देवभात. देवता मात्र बदलता येत नाही आणि यजमानही नाही. ही चौकट नवसाला लावली तर उत्तर सोपे होते. खंडोबा तोच, नवस बोलणारा तोच. घोडी दुसरी आणता येते, घोडीशिवाय गाडा देवळापर्यंत चालवत नेता येतो, तळी भरून शर्यत पुढच्या वर्षावर टाकता येते. शिवाय खंडोबा स्वतः घोड्यावर बसणारा देव. त्याच्यापुढे जखमी घोडी धावडवणे त्याला रुचेल, असे मानायला श्रद्धेतही आधार सापडत नाही. वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. घोड्याची सेवा देवकार्यात कशी दिसू शकते, याचा तो आपल्याकडचा सर्वांत सुंदर नमुना आहे, जरी मुक्कामामागून मुक्काम चालणाऱ्या त्या अश्वांच्याही पायांची काळजी कोणाला तरी घ्यावीच लागते.

मग घोडी पळण्याजोगी आहे हे ठरवायचे कोणी? ज्याचे बक्षीस, प्रतिष्ठा किंवा नवस पणाला लागलेला आहे त्याच्या डोळ्यांना लंगड कमी दिसते. त्यासाठी तो लबाड असायला लागत नाही. म्हणून निर्णय तिसऱ्याकडे देण्याची पद्धत जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे; उपचारातल्या हयगयीने घोड्याचा आजार वाढला तर वैद्याला खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्या चुकीने घोडा दगावला तर घोड्याच्या किमतीइतका. आजच्या लांब पल्ल्याच्या घोडदौडीत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोडा थांबवतात, नाडी ठरलेल्या वेळात सहसा 64 ठोक्यांपर्यंत उतरली नाही किंवा चालीत खोट दिसली तर तो बाद होतो. स्वाराची तक्रार तिथे ऐकली जात नाही.

भारतीय कायद्याची दिशाही हीच आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 नुसार वय, आजार, जखम किंवा व्रणामुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणे ही क्रूरता ठरते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, 2017 मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती कायदा केला, 16 डिसेंबर 2021 रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. 2014 च्या निकालाने प्राण्यांच्या प्रतिष्ठेची भाषा वापरली होती. 2023 च्या पीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणण्याचे टाळले. हक्क मानले नाहीत तरी माणसाचे कर्तव्य उरतेच. 1960 च्या अधिनियमाच्या कलम 3 मध्ये हे कर्तव्य जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकलेले आहे.

काही जखमा वर्षभराने भरत नाहीत. नळीचे हाड मोडले किंवा कंडरा पुरती तुटली तर घोडी पुन्हा पळत नाही, आणि उभेही राहता येत नसेल तर यातना संपवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2021 रोजी स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याच्या बाबतीत तो घ्यावा लागला. जैन आणि वैष्णव संस्कार असलेल्या समाजाला हे जड जाते, आणि त्या अडखळण्यात अर्थ आहे. पण ‘मारणार नाही’ म्हणून तीन पायांवर तडफडणारी घोडी गोठ्यामागे सोडून देणे याला अहिंसा म्हणता येत नाही. त्या टोकापर्यंत न गेलेली, फक्त शर्यतीला निकामी झालेली घोडी मात्र पुष्कळ वर्षे जगते. अर्थशास्त्रात युद्ध, आजार किंवा म्हातारपणाने कामातून गेलेल्या घोड्यांना खाणे चालू ठेवण्याची सोय सांगितली आहे. तिथे ती सरकारी पागेची होती. इथे तो खर्च गाडामालकाच्या कडब्यातून आणि पेंडीतून निघतो, आणि घोडी घेतानाच तो धरून चालावा लागतो.