यात्राकाळातील आहारशुद्धी

पूर्वी यात्रेकरू घरून निघताना दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी अशी शिदोरी बरोबर घेत आणि मुक्कामी धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून पिठले-भात शिजवीत. त्या अन्नात काय आहे, हा प्रश्नच उद्भवत नसे. आता भाविक एका दिवसात तीन क्षेत्रांचे दर्शन घेतो आणि वाटेत निदान दोन वेळा उपाहारगृहात जेवतो. गळ्यात तुळशीची माळ, पण ताटात काय येणार ते परक्याच्या हाती, अशी त्याची स्थिती झाली आहे.

आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते व त्यामुळे स्मृती स्थिरावते, असा छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायातील विचार आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे शिळे, रस गेलेले व दुर्गंधीयुक्त अन्न तामस ठरविले आहे, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सकाळी तळलेली आणि सायंकाळी पुन्हा कढईत सोडलेली भजी शाकाहारी खरी. सात्त्विक मात्र नव्हेत.

देवालय आणि उपाहारगृह यांचे नाते जुने आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी उडुपी येथे श्रीकृष्णाची स्थापना केली. तेथील मठाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असून चातुर्मासात महिन्यागणिक भाजी, दही, दूध व द्विदल धान्ये क्रमाने वर्ज्य करतात. त्याच परिसरातील मंडळींनी पुढे गावोगावी शाकाहारी भोजनगृहे काढली. मुंबईत माटुंगा येथे १९४२ साली ए. रामा नायक यांनी सुरू केलेले श्रीकृष्ण बोर्डिंग हे त्यांपैकीच. परंतु केवळ ‘उडुपी’ या नावावर विसंबू नये. आज बहुतेक ठिकाणी सांबारात कांदा असतोच.

जेथे दोन्ही प्रकारचे भोजन मिळते, तेथे तळणाचे तेल व रश्शाचा डाव एकच आहे काय, हे विचारावे. नान व केक यांत अंडे असू शकते. जेलीत बहुधा जिलेटिन असते व ते प्राणिजन्य होय. चिनी पद्धतीच्या पदार्थांत मासळीचे वा कालवांचे सॉस पडण्याचा संभव असतो. काही चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. बंद पाकिटावर चौकटीतील हिरवा ठिपका पाहावा. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे, २०२० च्या नियमांनुसार त्या जागी तपकिरी त्रिकोण आला आहे. उपवास असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी घ्यावे. साबुदाणा वडा ज्या कढईत तळला, तीत आधी बेसनाचे बटाटेवडे तळले असतील, तर उपवास कोठे राहिला?

हे सर्व विचारण्याचा संकोच वाटतो, हीच मोठी अडचण होय. घरातील वृद्ध माळकरी आई ‘मला भूक नाही’ असे सांगून नुसत्या चहावर दिवस काढते. मुलांना वाटते, प्रवासाने थकली असेल. वस्तुतः आपल्या नियमापायी इतरांचा खोळंबा नको, म्हणून ती उपाशी असते. अशा वेळी विचारपूस करण्याचे काम मुलाने अथवा सुनेने आपणहून करावे. तिला वाढप्यापुढे बोलावयास लावू नये.

विचारताना स्वर मात्र मृदू असावा. शेजारच्या पंक्तीत कोणी मांसाहार करीत असेल, तर नाक मुरडण्याचे कारण नाही. पैठणच्या नाथमहाराजांनी श्राद्धाचा स्वयंपाक, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या भुकेल्या माणसांना आधी वाढला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सोवळ्याचे पूर्ण भान असणाऱ्या पुरुषाचे ते वर्तन होते. आपला नियम आपल्यासाठी आहे. त्याचा धाक भर गर्दीत राबणाऱ्या आचाऱ्यास कशाला?

गर्दीच्या वेळेपूर्वी, म्हणजे साधारण अकराच्या सुमारास भोजनगृहात पोहोचल्यास आचारी कांदा-लसूण न घालता वरण-भात वा मुगाची खिचडी वेगळी करून देतो, असा अनेक यात्रेकरूंचा अनुभव आहे. दुपारी दोननंतर तीच विनंती बहुधा नाकारली जाते. तेव्हा दही-भात, केळी व सोबतचे राजगिऱ्याचे लाडू यांवर भागवावे. ज्या क्षेत्री अन्नछत्र आहे, तेथे महाप्रसादाची वेळ आधी विचारून त्याप्रमाणे दर्शनाचा क्रम ठेवणे अधिक सोयीचे पडते.