न दिसणारं फडताळ

कुलूप ही मला नेहमीच प्रामाणिक वस्तू वाटत आली आहे. 'आत काहीतरी आहे आणि ते तुमच्यासाठी नाही,' एवढं ती तोंडावर सांगते.

परवा पुण्याहून भाचा साताऱ्याला आला. तो कंपन्यांच्या माहितीची कोठारं सांभाळतो. त्याच्यासाठी कंदी पेढ्यांचा पुडा उघडत मी विचारलं, "म्हणजे नक्की करतोस काय रे?"

"मामा, डिस्कांनी भरलेलं एक भलंमोठं कपाट असतं. त्याचे कप्पे पाडायचे, त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. कुठल्या सर्व्हरला कुठला कप्पा दिसावा, त्याची यादी करायची. सर्व्हरच्या कार्डाला 16 अंक-अक्षरांचं नाव असतं. ते यादीत असलं तर कप्पा दिसतो, नसलं तर नाही."

"म्हणजे कुलूप?"

"कुलूप नव्हे. त्याच्या लेखी तो कप्पा जगातच नसतो. याला मास्किंग म्हणतात."

"चोरांच्या भीतीनं?"

"चोरांपेक्षा सज्जनांच्या! दिसेल ती डिस्क आपलीच समजून काही सर्व्हर तिच्यावर स्वतःची खूण उमटवून मोकळे होतात. आपसांत काही न ठरवता दोघं एकाच कप्प्यात लिहायला लागले, की माहितीचा चुराडा!"

मला एकदम पटलं. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आई आणि काकू एकाच आमटीत आपापलं मीठ घालायच्या. दोघींचा हेतू निर्मळ. आमटीचा मात्र समुद्र.

पण मग आजीचं फडताळ आठवलं. ते देव्हाऱ्यामागे होतं आणि फक्त आजी-आजोबांना ठाऊक होतं. नवरा गेल्यावर माहेरी आलेली आत्या त्याच देव्हाऱ्यापुढे 20 वर्षं निरांजन लावत होती. आजी गेली तेव्हा फडताळ सापडलं. आत आत्याच्याच लग्नातल्या पाटल्या होत्या! 'पोर भोळी आहे, कुणी मागितल्या तर देऊन टाकेल,' ही आजीची काळजी. आणि ती अगदीच खोटी नव्हती. आत्या रडली नाही. आजीच्या रिकाम्या पाटाकडे बघत एवढंच म्हणाली, "कुलूप दिसलं असतं, तर किल्ली तरी मागितली असती गं आई."

हे ऐकून भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर्व्हरला वाईट वाटत नाही, मामा."

तेच तर! यंत्रापासून कप्पा लपवला तर ती सोय झाली. माणसापासून लपवला, की त्याबरोबर त्याचा मागण्याचा हक्कही लपतो. बिचाऱ्याला रुसतासुद्धा येत नाही. किल्ली हवी तर देऊ नये. पण कप्पा आहे, एवढं सांगावं.

त्याच रात्री मी मन घट्ट करून बायकोला पुस्तकांच्या मागचा माझा चोरकप्पा दाखवला. त्यात बँकेचे कागद होते आणि मधुमेहामुळे मला बंद झालेले पेढे.

"अहो, पहिल्यापासून ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "रोज मोजते मी ते. कालपासून दोन कमी आहेत."

आमच्या घरातली यादी कोण करतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.