फुकट घेतलेल्याचें ऋण

ज्या वस्तूवरील आपला सर्व हक्क सोडून कर्त्यानें ती चव्हाट्यावर आणून ठेवली, ती उचलून नेणारा मनुष्य कोणाचें कांहीं देणें लागतो काय? कायद्यास याचें उत्तर 'नाहीं' असें एका शब्दांत देतां येतें. नीतीस तें तसें देतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

धान्य दिलें असतां दात्याच्या कणगींतलें तेवढें कमी होतें. संगणकाचा प्रोग्रॅम कितीहि जणांस दिला तरी दात्याजवळ तो जसाच्या तसा राहतो. तेव्हां दात्याचा त्याग तो कोणता व घेणारावर उपकार तो कसला, अशी शंका कोणी घेतील. परंतु अशा शंकेखोरानें प्रोग्रॅम लिहिण्यांत गेलेल्या रात्रींचा हिशेब केलेला नसतो. त्या कांहीं कोणाच्या कणगींत परत येत नाहींत.

फेब्रुवारी १९७६ मध्यें बिल गेट्स यांनीं अमेरिकेंतील हौशी संगणकवाल्यांस उघड पत्र लिहिलें. आमचें बेसिक तुम्ही पैसे न देतां परस्पर उतरून घेतां, मग चांगलें काम फुकट करणार कोण, असा त्यांचा सवाल होता. पत्राच्या पूर्वार्धाशीं आमचा वाद नाहीं. न दिलेलें घेणें वाईटच. उत्तरार्धाचें उत्तर मात्र पुढें पुष्कळांनीं कृतीनें दिलें. १९८५ सालीं कमोडोर कंपनीचा ॲमिगा संगणक निघाला. नवें यंत्र म्हणजे नवें बिऱ्हाड; घर आहे, पण चुलीवर ठेवावयास भांडें नाहीं! फ्रेड फिश नांवाच्या गृहस्थानें लोकांनीं लिहून मोकळे केलेले प्रोग्रॅम जमविले, फ्लॉप्यांवर भरले व वांटावयास आरंभ केला. १९९४ पर्यंत या फ्लॉप्यांची संख्या १,१२० झाली. हातोहात नकला होऊन त्या दूरदूर पोंचल्या. कोणता प्रोग्रॅम कोणी लिहिला याची नोंद त्यांत असे, हें आम्हांस विशेष वाटतें.

असें निरपेक्ष दान पुरेसें नाहीं, असा रिचर्ड स्टॉलमन यांचा पक्ष आहे. हक्क अजीबात सोडला तर एखादा धूर्त मनुष्य थोडा फेरफार करून त्याच वस्तूस कुलूप लावील, ही त्यांची भीति. म्हणून त्यांच्या १९८९ च्या जीपीएल परवान्यानें अट घातली कीं, सुधारलेली प्रत दुसऱ्यास द्याल तर त्याच मोकळेपणानें द्या. उलट, डी. रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं निघालेल्या एसक्यूलाइटवरील हक्क पूर्णपणें सोडला व परवान्याच्या जागीं एक लहानसा आशीर्वाद लिहिला. आज तें बहुतेक मोबाइल फोनांत आहे, आणि फोन वापरणारांपैकीं फारच थोड्यांस त्याचें नांव ठाऊक असेल.

सार्वजनिक विहिरीस कोणी कुंपण घालूं नये, एवढ्यापुरती स्टॉलमन यांची दूरदृष्टि मान्य केलीच पाहिजे. कुंपणें घालणारे कांहीं काल्पनिक नाहींत. तरी दान म्हणून पाहतां हिप यांचें पारडें आम्हांस जड वाटतें. परवान्यानें भाग पाडलेली परतफेड ही कराराची पूर्तता होय. तींत कृतज्ञता असेलच असें नाहीं. अट नसली म्हणजेच घेणाराच्या मनाची परीक्षा होते.

पण ही परतफेड करावयाची कोणास? मूळ कर्त्यास पैसे नकोत. कित्येकदां त्याचा पत्ताहि लागत नाहीं. आपल्याकडे ऋषिऋण अध्ययन-अध्यापनानें फिटतें असें मानीत. ऋषीच्या दारीं जाऊन कोणी रक्कम मोजीत नसे. नव्या संगणकावर फुकटचे प्रोग्रॅम घालून काम करणारानें एखादी सांपडलेली चूक कर्त्यास कळवावी, शेजारच्या मुलास तें वापरावयास शिकवावें, सूचनांचें मराठी करून द्यावें. निदान कर्त्याचें नांव तरी पुसूं नये. हें न करणाऱ्यास दंड नाहीं. भारतांतहि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें एकविसावें कलम कर्त्यास रीतसर नोटीस देऊन आपला हक्क सोडण्याची मोकळीक देतें. घेणारानें पुढें कसें वागावें, याविषयीं त्या कलमांत अवाक्षर नाहीं.