पाचातलं एक



आजचं चिंतन गीतेच्या 18व्या अध्यायातल्या 14व्या श्लोकावर.

माझी धाकटी बहीण जूनपासून शाळेत गणित शिकवते. बी.एड.नंतरची पहिलीच नोकरी, सहावीचा वर्ग, 48 मुलं. परवा रात्री अकराला तिचा फोन आला. घटक चाचणीत एका मुलाला 20 पैकी 2 मार्क पडले होते. "दादा, मला शिकवताच येत नाही रे," म्हणून रडत होती.

मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, "तू काम करत राहा, फळाचा विचार सोड." ती चिडलीच. "त्या पोराला भागाकार आला की नाही हेच तर माझ्या कामाचं फळ. त्याचा विचार सोडला तर शिकवू कशाला?"

मी गप्प झालो. खरं सांगायचं तर ऑफिसमध्ये रिलीज फसला की हेच वाक्य मी स्वतःला सांगतो, अंग काढून घेण्यासाठी.

काल सकाळी वाचनात हा श्लोक आला. भगवंत कर्माची पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवं दैव. पुढे दोनच श्लोकांनी ते म्हणतात, जो स्वतःलाच एकट्याला कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही.

मग मीच तिला फोन केला. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं आचार्य सांगतात. तिचं शरीर कसं होतं? घसा बसलेला, झोप चार तास, आणि मधल्या सुट्टीत वह्या तपासायच्या म्हणून डबा तसाच परत. साधन म्हणजे 35 मिनिटांची तासिका. दैव म्हणजे त्या मुलाचं घर, जे तिच्या हातात नाही.

"मग माझी जबाबदारी नाहीच का?" तिनं विचारलं.

आहे ना! भगवंतांनी कर्त्याला यादीतून वगळलेलं नाही. पाचात एक जागा त्याची आहेच. ती नाकारली तर कामचुकारपणा, आणि पाचही जागा आपल्याच मानल्या तर तो अहंकार. फक्त हा अहंकार रडका असतो, म्हणून ओळखू येत नाही. "सगळं माझ्यामुळे बिघडलं" आणि "सगळं माझ्यामुळे झालं" ही सख्खी भावंडं आहेत.

आज ती डबा खाणार आहे. शेजारच्या वर्गाच्या अनुभवी बाईंना त्या मुलाबद्दल विचारणार आहे, आणि त्याला काड्यांचे गठ्ठे करून भागाकार पुन्हा दाखवणार आहे. त्याला येईल की नाही, माहीत नाही. ताणही लगेच जाणार नाही.

आज तुमच्या डोक्यावर जे ओझं आहे, त्यातला आपला पाचवा हिस्सा कोणता, एवढं पाहा. तो मनापासून करा. बाकीचे चार संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्याच्या स्वाधीन करा.

राम कृष्ण हरी.